पाहुण्यांचा साबण

एलिसेओ,

मी कामावर चाललेय. पगारापर्यंत साबण-शॅम्पूला एक पेसोही उरलेला नाही, म्हणून शॅम्पूत पाणी घातलंय. साबणाचे उरलेले तुकडे आईच्या जुन्या मोज्यात टाक, त्यानेच अंग घासायचं, फेकलेस तर बघ!

आईचा कपाटातला गुलाबी साबण आठवतो? "पाहुण्यांचा आहे, हात लावाल तर हात तोडीन!" म्हणायची. अजून तसाच आहे. काल रागाने तोच तुझ्यासाठी न्हाणीत ठेवला होता. न्यूयॉर्कहून आईच्या मातीलाही न आलेला भाऊ पाहुणाच की!

सकाळी तू तिच्या झुलत्या खुर्चीत झोपलेला दिसलास, लहानपणीसारखा, तोंड उघडं ठेवून. मी साबण परत कपाटात ठेवला.

न्हाणीत कुआबाचा, आपला नेहमीचा स्वस्त धुण्याचा साबण आहे. कपड्यांनाही तोच, अंगालाही तोच. घरच्यांनी त्यानेच अंघोळ करायची.

नेरेइदा