उन्हातली रांग

प्रिय अण्णा,

सवयीने वर आधी ‘विषय’ असं लिहिलं आणि खोडलं. आठ वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, स्वतःचं असं हे पहिलंच. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. तेव्हा नाही लिहिलं, आज लिहितेय, कारण परवा काकू आल्या होत्या. तुमच्या घरच्या काकू, माझ्या टेबलापाशी!

पण आधीचं आधी सांगते. ते तुम्हाला सगळं माहीत आहे, फक्त माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीत.

मी तुमच्यावर जळायचे, अण्णा. केजच्या तहसीलसमोर तुम्ही फाटकाला लागून कडुनिंबाच्या सावलीत, मी पलीकडे उन्हात, छत्री लावून. माझ्याकडे कॉम्प्युटर, प्रिंटर. तुमच्याकडे एक बॉलपेन आणि कार्बन पेपर. तरी जीपमधून उतरलेलं माणूस मलाच विचारायचं, “अण्णा कुठं बसत्यात वो?” आणि मी बोट दाखवायचे. किती दिवस दाखवायचं?

त्यात तुमचं ते वाचून दाखवणं! अर्ज लिहून झाला की चष्मा पुसायचा, समोरच्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “बघा बरं, ह्येच म्हणायचं व्हतं ना?” मग ती म्हातारी विचार करणार, पाणी पिणार, एखादा शब्द बदलायला लावणार. तेवढ्यात माझे चार अर्ज व्हायचे. मला वाटायचं, या माणसाला काही घाई कशी नाही?

घाई कशाला असेल? घरी सहा एकर रान, मुलगा नोकरीला. चांगलं असणं तुम्हाला परवडत होतं. मला पुढं जायचं होतं. पुरुष पुढं गेला की हुशार, बाई गेली की स्वार्थी! तुम्ही मात्र मला तसं कधी म्हणाला नाहीत. त्याचाही राग यायचा.

मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर तुमची जागा रिकामी. लोक विचारायचे आणि मी सांगायचे, “अण्णांनी आता बसायचं सोडलं.” खोटं बोलले. आणि एका सोमवारी टेबल, प्रिंटर, छत्री सगळं उचलून लिंबाखाली मांडलं. चहावाला बबन म्हणालासुद्धा, “आयत्या बिळावर नागोबा झालीस की ताई!” मी हसले.

तुम्ही परत आलात ते काळा चष्मा लावून. माझ्याकडे पाहिलंत, लिंबाकडे पाहिलंत, आणि पलीकडे, माझ्या जुन्या जागेवर जाऊन टेबल मांडलंत. एकदा तरी ‘ऊठ’ म्हणायचं होतं! भांडायचं होतं! मी उठलेही असते कदाचित. पण तुम्ही बोलला नाहीत आणि मी उठले नाही.

आणि माणसं? माणसं तुमच्यामागे उन्हात! डोक्यावर पदर घेऊन, टॉवेल टाकून, तिथं रांग. इकडे मी सावलीत एकटी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चैत्रभर तुम्ही तिथं बसलात. छत्री माझ्या टेबलाला टेकवून ठेवलेली होती, मिटलेली. ती नेऊन द्यावी असं रोज वाटायचं. दिली नाही. मग एका सकाळी बबननंच सांगितलं, अण्णा गेले, झटका आला.

आता परवाचं. काकू आल्या, बरोबर तुमचा महेश. सातबाऱ्यावर वारस लावायचे, त्याचं प्रतिज्ञापत्र. महेशनं भराभर सांगितलं, आईचं नाव, त्याचं नाव. मी भराभर टाइप केलं, प्रिंट काढली आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. काकूंनी अंगठा मागं घेतला.

“वाच की बाई. ते वाचून दाखवायचे समद्यांना.”

आठ वर्षांत मी कुणाला वाचून दाखवलेलं नव्हतं. वाचलं. ‘मयत’ या शब्दापुढं तुमचं नाव आलं ती ओळ पुन्हा वाचावी लागली. शेवटपर्यंत गेले, तर काकू म्हणाल्या, “आन् आमची सुमन?”

महेश म्हणाला, “आई, तिचं लगीन झालंय. ती काय मागणार हाय का?”

“लगीन झालं म्हून त्यांची लेक न्हाई व्हय? कावून न्हाई घातलं तिचं नाव?”

मी फाईल पुन्हा उघडली. मला ठाऊक होतं, अण्णा. तुमची सुमन लग्नाआधी डबा घेऊन यायची, मी तिला ओळखते. पण विचारत बसलं की वेळ जातो, म्हणून मी विचारतच नाही. माझ्या प्रिंटरमधून अशा किती सुमन गळाल्या असतील?

नाव घातलं. पुन्हा सगळं वाचलं. मी विचारायच्या आत काकूंनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, “आता ह्येच म्हणायचं व्हतं.”

मेल्यावरही माझ्या टेबलावर येऊन माझी चूक काढलीत! असा जळफळाट झाला, आणि मग लिंबाखाली बसून भर दुपारी लोकांदेखत रडले.

तर अण्णा, वचन देते. प्रत्येक अर्ज वाचून दाखवीन आणि विचारीन. सावली सोडणार नाही, खोटं कशाला सांगू? पण छत्री उद्यापासून रांगेवर लावीन. कुणी तुमचं नाव घेत आलं तर ‘सोडलं’ म्हणणार नाही. ‘अण्णा गेले, तुम्ही बसा,’ म्हणेन. आणि कधीतरी जीपमधून उतरलेलं माणूस विचारेल, “शैलाताई कुठं बसत्यात?” त्या दिवसाची मी वाट बघणारच आहे.

हे पत्र आत्ता मोठ्यानं वाचून पाहिलं. छत्रीपाशी अडखळले. पण हेच म्हणायचं होतं.

तुमच्यावर अजूनही जळणारी,
शैला