राणीछाप रुपयाचं नाक

५ जून १९९८, कारेगाव
आले बाई एकदाची! भांडगाव सोडताना डोळे भरले, पण खोली झकास हाय. ह्यांना कंपनीत फर्स्ट शिफ्ट मिळाली. घरमालक हौसराव आप्पा आन् त्यांच्या मंडळी सोजराबाई शेजारीच राहतात. आप्पांची जमीन कंपन्यांत गेली, आता ते जुनी चांदीची नाणी घेतात-विकतात. आमची बानू, आठ महिन्यांची भवानी, आल्या आल्या आप्पांच्या मिशीला लोंबकळली. तिला पोटाशी धरलं की मला दुसरं काहीच नको वाटतं.

१४ जून
आप्पांनी घरबसल्या काम दिलं. झिजलेला राणीछाप रुपया सोनार नुसत्या चांदीच्या भावानं घेतो, म्हणाले; पण राणीचं नाक-डोळे ठसठशीत असले तर पुण्याचे हौशी लोक दहापट देतात. मी म्हटलं, मग चिंचेनं घासू का? तर खेकसलेच. चिंच न्हाई, रिठा न्हाई. नुसत्या अंगठ्यानं चोळायचं, मायेचं माणूस मनात आणून. मला हसूच फुटलं. झिजलेलं नाक असं चोळून वर येतंय व्हय! तरी बानूला मनात आणून चोळत बसले. तिला दोन झबली तरी होतील.

२३ जून
अगं बाई, नाक आलं की वर! डोळाबी दिसायला लागला. रुपया हाताला ऊन लागत होता. आप्पांनी भिंगातून बघून शाबासकी दिली. सोजराबाईंना दाखवलं, तर त्यांनी नुसते माझे हात हातात धरले. त्यांचे तळवे गुळगुळीत, एक रेघ म्हणून न्हाई. मी घरी येऊन भात टाकला.

४ जुलै
तव्याला अंगठा चिकटला, कातडी निघाली, मला कळलंच न्हाई. घाबरून बानूचा पापा घेतला. ऊन न्हाई, गार न्हाई, काहीच न्हाई. लई भीती वाटली. पळत जाऊन आप्पांना सांगितलं, मला हे काम नको. ते म्हणाले, नको तर नको, हर्षदा. पण गेलेली माया रुपयात बसली, आन् रुपये पुण्याला गेले.

११ जुलै
आता भीतीबी वाटत न्हाई. म्हणून परत चोळायला बसले. बानू पाळण्यात रडत होती. ऐकू येत होतं. उठावंसं वाटलं न्हाई. पोर रडलं की उचलतात, म्हणून उचललं.

१८ जुलै
नाक वर येईना. आप्पा म्हणाले, तुझ्यातलं सरलं. सोजराबाईंना विचारलं, तुम्हाला मूलबाळ? म्हणाल्या, एक लेक व्हती, नाव आठवत न्हाई. आन् भाकरी थापत राहिल्या.

२० जुलै
आप्पा म्हणतात, लहान पोराची माया ताजी असती. बानूला पाठव. हे कामावर गेलेत, घरात मी एकलीच. न्हाई म्हणायला पाहिजे. मागं म्हटलं असतं — दारच लावून घेतलं असतं — आता नुसतं —

२१ जुलै
मीच नेलं तिला. आप्पांनी तिचा अंगठा रुपयावर ठेवलाय. मला म्हणाले, समोर बस, तुला बघून हसली पाहिजे, तवाच नाक येतं. समोर बसून लिहितीय. बानू हसली. हसत होती. आता हसत न्हाई. नुसती बघती, परक्या बाईकडं बघावं तशी. नाक आलंय. मी उठून तिला उचलायला पाहिजे —