शिंपल्यांचा स्लॅब

राजोडी,
५ ऑगस्ट २०२४

चि. डेन्झिल यास,
अ. उ. आ. फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले.

शनिवारी आईच्या खाटेवर स्लॅबचा टवका पडला, चांगला ताटाएवढा. आई मागल्या दारी कोंबड्यांना दाणे टाकत होती म्हणून वाचली. चार दिवस तिच्या पेजेत वरून तांबडे थेंब पडत होते आणि ती मुकाट पीत होती. वर पाहिलं तर सळीचे पापुद्रे सुटलेत, बोटाने चुरा होतो.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो आणि काँक्रीट फोडतो. पण नऊच वर्षांत? चांगल्या सिमेंटमध्ये सळीवर एक पातळ थर बसतो, तो तिला राखतो. तो इतक्या लवकर मोडायला मीठ लागतं. म्हणून टवका फोडून पाहिला. आत शिंपल्यांचे तुकडे! जिभेला लावला तर खारट. शी! आईच्या घराला तू किनाऱ्यावरची वाळू वापरलीस का, ते सरळ लिही.

तुझी ताई,
पॉलिन

विरार,
९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. तू रिटायर झालीस, पण तुझा केमिस्ट्रीचा तास काही संपत नाही बघ! समुद्राकाठी लोखंड गंजणारच, त्यात काँट्रॅक्टर काय करणार?

बरं बाई, हो. त्या वर्षी नदीची वाळू मिळत नव्हती, काम अडलं होतं. किनाऱ्यावरून चार ट्रॅक्टर आणली. धुतली होती गं, थोडीफार. पण फक्त आईच्या घराला, देवाशप्पथ. घरचंच काम, म्हणून चालवून घेतलं. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. प्लास्टर मारून वर पांढरा पेंट, एकदम चकाचक. टेन्शन घेऊ नकोस.

आमची नात टिफनी नव्या शाळेत मस्त रमलीय. आईला तिचा पापा. रागाव हवं तेवढं, पण धाकट्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
डेन्झिल

राजोडी,
१४ ऑगस्ट

डेन्झिल,
नववीत तू माझ्याच वर्गात होतास. खिळ्यांच्या प्रयोगात एका परीक्षानळीत मीठ तूच हौसेने टाकलंस, आणि तोच खिळा आधी तांबडा झाला म्हणून बाकावर नाचलास. माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. आणि म्हणे पेंट! आत सडतंय आणि तू वरून पावडर लावतोयस.

काल आळीतल्या बालवाडीत गेले. तीही तूच बांधलीस, त्याच वर्षी. छताला तांबडे ओघळ, खाली मुलांच्या चटया. क्लेमेंटीन टीचरने ओघळांवर कागदी फुलपाखरं चिकटवलीत. झाडूच्या दांड्याने ठोकलं तर पोकळ आवाज, आणि पडलं त्यात शिंपले. देवाची शपथ घेतलीस रे!

मग क्लेमेंटीनने हजेरीचं पुस्तक काढलं. जूनमध्ये तू टिफनीचं नाव कापून घेतलंस. मला म्हणालास, टीचर फार ओरडते. ती बिचारी अजून विचारते, माझं काय चुकलं. तुला ओघळ दिसले होते, डेन्झिल. आपली एक उचलून नेलीस आणि बाकीची बावीस त्याखाली निजू दिलीस. शिसारी आली मला तुझी. तुला कडेवर खेळवलेल्या या हातांचीसुद्धा.

बालवाडीला कुलूप लावलंय. मुलं आपल्या जुन्या कौलारू पडवीत बसतात, आईची खाटही तिथेच हलवली. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पालक जमणार आहेत. येऊन स्वतःच्या तोंडाने सांग, नाहीतर मी सांगेन. तू येणार म्हणून आई खूश आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. तीही तिथे असेल.

आज माया मागू नकोस. टिफनीची नाव घातलेली चटई क्लेमेंटीनने धुऊन, घडी करून ठेवलीय. पोर परत येईल म्हणाली. तेवढी येऊन घेऊन जा.

पॉलिन