मागच्या सीटची डावी बाजू

८ नोव्हें. ९८, रवि.
मागची सीट बसली एकदाची. माझ्या डुक्कर फियाटची मूळ सीट उंदरांनी फस्त केली होती. ही आणली पिंपळगावच्या बाजूला भंगारात पडलेल्या दुसऱ्या फियाटमधून. जुन्या गाड्यांच्या वेड्यांचं असंच चालतं, दोन मेलेल्या गाड्यांतून एक उठवायची. सीटवाले रफिकभाई म्हणाले, "ताई, डावी बाजू दबलीय. स्प्रिंग, काथ्या, सगळं नवीन टाकू." मी नाही म्हटलं. वरचं रेक्झिन नवं, आतलं तसंच. ओरिजनल ते ओरिजनल. रोगच आहे हा.
आई म्हणाली, "आता अण्णांना फिरवून आण म्हणजे झालं."

१५ नोव्हें., रवि.
पहिली फेरी. अण्णांना दोघींनी धरून मागे डावीकडे बसवलं, आई त्यांच्या शेजारी. अर्धांगाचा झटका आल्यापासून वडिलांच्या तोंडून शब्द नाही. आधी मात्र तोंड भरून चेष्टा. "सुधे, या डुकरात मी मेलो तरी बसणार नाही!" आज बसले बिचारे, निमूट.
गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो. येताना वळणावर मागून आवाज आला, "हळू घे."
अगदी स्पष्ट. गाडी कडेला घेतली. आई आणि मी रडलो, मग हसलो, मग पुन्हा रडलो. ऑफिसात सगळ्यांना सांगणार. भंगार म्हणून नाकं मुरडत होते ना.

२२ नोव्हें., रवि.
आज जास्त बोलले. "नामदेव, पाणी बघितलं का गाडीत?" रेडिएटरमधलं पाणी खरंच कमी होतं.
नामदेव कोण? आईला माहीत नाही. नात्यात नाही, अण्णा मास्तर होते त्या शाळेतही या नावाचा कोणी नव्हता. डॉक्टर म्हणाले, नावांची सरमिसळ होते, बोलतायत हेच मोठं. बरोबर आहे. पण घरी आलो की पुन्हा गप्प. मी दिवसभर समोर बसून "सुधा, सुधा" म्हणते. नुसते बघतात.

२९ नोव्हें., रवि.
प्रयोग. शेजारच्यांच्या मारुतीत बसवलं, गप्प. आपल्याच गाडीत पुढे बसवलं, गप्प. मागे उजवीकडे, गप्प. डावीकडे सरकवलं आणि दार लावलं. "लय धूळ हाय रं. काच घे वर."
आईचा चेहरा पाहवेना. लहानपणी मी एकदा "नाय" म्हटलं तर अण्णांनी शंभरदा "नाही" लिहायला लावलं होतं. त्यांच्या तोंडी "हाय रं".
आई घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "हे बोलणं ह्यांचं नाही."

१३ डिसें., रवि.
ओझरपर्यंत जायचं ठरलं होतं. ओझर आलं तसं मागून, "पुढं घे." घेतली. पिंपळगाव सोडलं, "डावीकडं." वळले. द्राक्षबागेचं तारेचं फाटक. तिथे थांबायला सांगितलं नाही, मीच थांबले. का ते माहीत नाही.
बागेतून माझ्याच वयाचा एक माणूस आला. गाडीभोवती फिरला. "आमच्या वडलांची, आबांची, पण असलीच व्हती. भंगारात घातली, ते गेल्यावर." मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ड्रायव्हर कोण होता? "नामदेव. तो बी गेला आता. आबा मागं डाव्या हाताला बसायचे. नाशिकला दवाखान्यात नेताना ह्याच रोडला गाडीतच संपले."
सीटबद्दल मी काही बोलले नाही.
मागून त्याची म्हातारी आई आली, डोळ्यांवर हात धरून काचेतून आत पाहिलं. अण्णा तिच्याकडे बघत होते. तिने डोक्यावर पदर ओढून घेतला आणि खाली बघत उभी राहिली. माझी आई हे सगळं शेजारी बसून बघत होती.

१४ डिसें.
आई: "ती सीट काढ."
मी: "ते बोलतात गं तिथे!"
आई: "कोण बोलतं?"
भांडलो. खूप. शेवटी पाना घेतला आणि काढली. पत्र्याच्या शेडमध्ये उभी करून ठेवली, वर गोणपाट. काढताना डावी बाजू कोमट लागली. उन्हं येतात तिथे, त्यामुळे असेल.

२० डिसें., रवि.
दुसरी सीट मिळेपर्यंत मागे फळी टाकून गादी घातली. पूर्ण फेरीत अण्णा गप्प. संध्याकाळी जेवले नाहीत.

२४ डिसें.
अजून जेवत नाहीत. पाण्याचा घोटसुद्धा ओठांवरून ओघळतो. सलाइन लावलं. डॉक्टरांना कारण सापडत नाही. मी काय सांगणार त्यांना?
आईच म्हणाली, "बसव परत. माणूस तरी राहू दे."

२७ डिसें., रवि.
सीट बसवली. बागेपर्यंत गेलो नाही, ओझरहून परत. घरी येऊन अण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. अण्णा आयुष्यभर पोळी खाणारे. भाकरी कोणी केली म्हणाल तर आईने. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून थापल्या.

३ जाने. ९९, रवि.
आईने आज गाडीत सरळ विचारलं, "मला ओळखलंत का?" अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि अंग चोरून दाराकडे सरकले, परक्या बाईला जागा करून देतात तसे. आई खिडकीबाहेर बघत राहिली.
मला भयंकर राग आला. इतकी वर्षं तिने या माणसाचं केलं. मी मुलगी आहे त्यांची, एकुलती एक, एकदा तरी सुधा म्हणा! असं ओरडायला मान वळवली तर ते म्हणाले, "नामदेव, समोर बघ."
आणि मी म्हटलं, "व्हय आबा."
ठरवून नाही म्हटलं. आईने ऐकलं.

९ जाने., शनि.
आज पहिल्यांदा घरात बोलले. खाटेवर, भर दुपारी. आई बशीतून चहा पाजत होती. तिचा हात धरून म्हणाले, "बाई, लय केलं तुम्ही आमचं. आता घरी सोडा."
आई शेडमध्ये आली, मी प्लग साफ करत होते. शब्दाला शब्द सांगितलं. म्हणाली, "उद्या लवकर निघू. ऊन व्हायच्या आत."
कुठे, ते मी विचारलं नाही. ओझरच्या पुढेच, दुसरं कुठे.
अण्णांचा पांढरा सदरा तिने इस्त्री करून ठेवलाय. स्वतःची नेहमीची घरातली साडी. मी पाणी, हवा, बॅटरी सगळं बघितलं. सीटला हात लावला नाही.
आत्ता तिला विचारलं, "आई, येताना आपण दोघीच का?"
म्हणाली, "तू गाडी नीट चालव."