चित्रपटातील माझ्या अंत्ययात्रेचा प्रसंग मौजे बोरपाणी येथे न दाखविण्याबाबत

प्रति,
मा. विशेष कार्य अधिकारी साहेब,
शेतकरी मनोबल अभियान (फिरते चित्रपट प्रदर्शन),
अकोला.

अर्जदार : शालिकराम गोविंदा लांडे, धंदा शेती, भजनी मंडळात टाळकरी, मु. बोरपाणी, ता. पातूर.

विषय : संक्रांतीनंतर करीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात होणारे चित्रपट प्रदर्शन रद्द करणेबाबत, न जमल्यास अन्य विनंतीबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेली आपली सूचना.

महोदय,

१. गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या नामांकित कादंबरीवर चित्रपट काढण्यासाठी मुंबईची कंपनी आमच्या गावी आली होती. कादंबरीत दुष्काळ आहे. आमचे गाव काही खर्च न करता दुष्काळी दिसते, असे दिग्दर्शक साहेब म्हणाले. प्रेमानेच म्हणाले. संध्याकाळी भगवंत महाराजांच्या कीर्तनाला येऊन बसत आणि माणसांचे चेहरे पाहत. मरणाऱ्या शेतकऱ्याच्या कामासाठी आणलेले नट अंगाने भरलेले होते व तिरडीवर उन्हात त्यांना घेरी आली. तेव्हा साहेब मला म्हणाले, तुमचा चेहरा पुस्तकातल्यासारखा आहे, तुम्हाला फक्त पडून राहायचे आहे. प्रेतापुढे कीर्तन आहे असे कळल्यावर मी हो म्हटले. खोटे कशाला लिहू, कीर्तन ऐकायला मिळते म्हणूनच म्हटले.

२. माझी पत्नी सौ. पार्बताबाई हिला विधवेचे काम दिले, कारण आम्ही दोघे जोडीचे दिसतो. तिने आधीच अट घातली होती, "रडतो मी, पण मंगळसूत्राले अन् बांगड्याले हात लावणार नाई." साहेबांनी ती मान्य केली व शेवटपर्यंत पाळली. त्यांचा काही दोष नाही, हे येथे नमूद करतो.

३. भगवंत महाराजांनीही सांगून ठेवले होते, "मले खोटं कीर्तन येत नाई. उभा राह्यलो म्हंजे खरंच होते." तसेच झाले. महाराजांनी ध्रुपद उचलले आणि तिरडीवर माझे ओठ हलले. काम थांबले. दुसऱ्या वेळी ओठ दाबून धरले तर पायाचा अंगठा ताल धरू लागला. मी माफी मागितली. इतक्या वर्षांचा टाळकरी, पाय माझ्या ऐकण्यातला राहिलेला नाही. ऊन चढत होते, कंपनीची माणसे कावली होती. तेव्हा गावात तिरड्या बांधणारे देवराव कोणी न सांगता पुढे आले आणि सुतळीने माझे दोन्ही अंगठे बांधून टाकले. "असं केलं म्हंजे हालत नाई," म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हते. हाताला सवय, दुसरे काय.

४. साहेब, बांधलेले अंगठे आमच्याकडे सरणावरच सुटतात. पार्बताबाईला ते दिसले आणि चित्रपट तिच्या डोक्यातून निघून गेला. तिने दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. आम्ही बांगड्या फुटल्या म्हणत नाही, वाढल्या म्हणतो. त्या दिवशी मात्र फुटल्याच. कंपनीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून पडलो होतो, मला वाटले टाळ्या कीर्तनाला आहेत.

५. पुढच्या बाजाराला पातूरच्या बांगडीवाल्या बिस्मिल्लाबी आल्या. त्या विधवेच्या हातात बांगडी भरत नाहीत, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. त्यांनी पार्बताबाईला देवळापुढे बसवले, मला समोर बसवले आणि म्हणाल्या, "वाजवा भाऊ टाळ, जोरानं वाजवा, साऱ्यायले आयकू जाऊ द्या." मी वाजवत होतो आणि त्या हिरवा चुडा भरत होत्या. बायका पाहत होत्या. बिस्मिल्लाबी त्यांना म्हणाल्या, "माणूस समोर बसून राह्यला, अजून काय पायजे तुमाले?"

६. परंतु भादव्यात महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला पार्बताबाईला एकाही घरचे बोलावणे आले नाही. कोणी वाईट बोलत नाही. "विसर पडला बाई," एवढेच म्हणतात. माघात आमच्या मुलीचे लग्न ठरले आहे. वराच्या मातोश्री माणिकबाई (राहणार मूर्तिजापूरकडे) मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. मला पाहून म्हणाल्या, "इवाई तं चांगले दिसतात. पण तो सिनेमा आमच्याइकडंबी येऊन राह्यला. पाहून घेतो, मंग हळद कोनाच्या हातानं लावाची ते ठरवू." मुलीला पहिली हळद आईने लावावी, एवढीच पार्बताबाईची इच्छा आहे. तिने दुसरे काही कधी मागितलेले नाही.

७. आपल्या कार्यालयात मी येऊन गेलो. प्रसंग कापता येत नाही, तारखा वरून ठरतात आणि चित्रपट मनोबल वाढवण्यासाठीच निवडला आहे, असे तेथील बाबूंनी सांगितले. पाणी पाजले, नीट बोलले. पुस्तक थोर आहे याबद्दल माझा वाद नाही. फक्त ज्या वाटेने चित्रपटात मला नेतात, त्याच वाटेने गेल्या दोन हंगामांत खऱ्या तिरड्याही गेल्या आहेत. ती घरे पटांगणापासून लांब नाहीत. त्यांची नावे अर्जात लिहीत नाही.

८. म्हणून विनंती की, प्रदर्शन रद्द व्हावे. ते होत नसल्यास माझा प्रसंग चालू असेपर्यंत मला टाळ घेऊन पडद्याशेजारी उभे राहण्याची परवानगी मिळावी, म्हणजे एकीकडे मेलेला व एकीकडे वाजवणारा असे दोन्ही लोकांना दिसेल. उजेड माझ्या अंगावर पडेल इतपत जागा मिळावी. पडद्याला धक्का लागणार नाही याची हमी देतो.

९. ही परवानगीही मिळणार नाही असे पार्बताबाई म्हणते. त्या संध्याकाळी बांगड्या आपल्या हाताने उतरवून देवघरात तांदळाच्या डब्यात ठेवायच्या, असे तिने ठरवले आहे. मी म्हटले, अगं, मी असताना रिकाम्या हातानं बसशील? तर म्हणाली, "पडद्यावर फुटतीन तवा हातात नाई पायजेत. बिस्मिल्लाबीनं जीव लावून भरल्या हायेत." बिस्मिल्लाबी तर चुडा बदलतानाही एक जुनी बांगडी हातात राहू देतात, हात पुरा रिकामा होऊ देत नाहीत. त्यांना हे अजून सांगितलेले नाही.

उत्तर करीच्या आधी मिळाल्यास उपकार होतील. नंतर पाठवण्याची तसदी घेऊ नये.

आपला नम्र व हयात,
शालिकराम गोविंदा लांडे
बोरपाणी, दि. २९ डिसेंबर २००८

सोबत :
रेशनकार्डाची प्रत (माझे नाव कमी केलेले नाही).
चुडा भरला त्या दिवशीचा फोटो.
सरपंचांचे पत्र जोडलेले नाही. ते तोंडी हो म्हणतात, लिहून देत नाहीत.