तीन रिकामे चौकोन

ता. ३ मार्च
चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

पत्रतपासणी कचेरीत तुला आपल्याच गल्लीचं टपाल मिळालं, हे बरं झालं. म्हणजे माझं पत्र आधी तूच उघडणार, आणि तुझ्या किरट्या अक्षराची चेष्टा मला बिनधास्त करता येणार.

छापखान्यात शब्दकोशाची नवी आवृत्ती चालू आहे. सरकारने मागे घेतलेल्या शब्दांची यादी आली, की मी जुळवलेल्या ओळींतून ते शब्द काढून वितळवायला देते. अर्थाबद्दल यादीत काहीच नसतं, म्हणून अर्थाच्या ओळी दोऱ्याने बांधून ठेवते. परवा गेलेल्या शब्दाचा अर्थ होता, ‘अन्याय झाल्याचे वरिष्ठांना कळवणे’. बाबांना नेऊन पाच महिने झाले. चौकशीला गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, की त्या शब्दाच्या नावाचा छापील अर्जच आता मिळत नाही.

साप्ताहिकातलं बाबांचं शब्दकोडं मी पुन्हा सुरू करतेय. जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

ता. १९ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

कोडं पाहिलं. आडवे शब्द, चौथी ओळ, तीन चौकोन, आणि समोर तोच अर्थ. साहेबांनी अंक माझ्या टेबलावर आपटला आणि गुन्हा शोधून अहवाल द्यायला सांगितलं.

बाबांनी असाच मागे घेतलेला शब्द कोड्याचं उत्तर म्हणून छापला, म्हणूनच त्यांना नेलं. तू हट्टाला पेटू नकोस, ताई. हे कोडं बंद कर. घरातलं आणखी एक माणूस गमवायची माझ्यात ताकद नाही.
तुझा ढब्बू

ता. २४ मार्च
चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

तुझी काळजी कळते, पण कोडं बंद होणार नाही. बाबा पुढच्या अंकात उत्तरं छापायचे, तिथेच सापडले. मी उत्तर छापणारच नाही. माझ्या पानावर मागे घेतलेला एक शब्द दाखव, मी छपाईच्या खिळ्यांना हात लावायचं सोडते.

समोरच्या दूधवाल्या काकूंनी कोडं पेनाने सोडवलं. पेन्सिल दिली तर म्हणाल्या, की खोडायचंच नाही तर पेन्सिल कशाला. गल्लीत घरोघरी तो शब्द आता लोकांच्या हस्ताक्षरात आहे. बाबा कुठे आहेत हे विचारायला तो लागणार आहे, ढब्बू. मला भीती वाटते, पण मी थांबणार नाही.
तुझी ताई

ता. २ एप्रिल
ती. ताईस सा. न. वि. वि.

साहेबांनी अहवालात कोड्याचं उत्तर लिहायला सांगितलं. मी म्हटलं, तो शब्द लिहिणं हाच गुन्हा, मी कसा लिहू? त्यांनी शब्दकोश उघडला, त्यात तो नव्हता. मग स्वतः पेन उचललं, थोडा वेळ धरलं आणि खाली ठेवलं. फाईल कोरीच परत गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

घरी येऊन मी कोडं सोडवलं, पेनाने. तीन चौकोन भरल्यावर हात थांबेना. छापील अर्ज मिळत नाही, म्हणून साधा कागद घेतला आणि वर मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं: तक्रार. खाली लिहिलं, की माझ्या वडिलांना सहा महिन्यांपूर्वी नेलं, ते कुठे आहेत ते सांगा. पूर्ण नाव घालून सही केली. उद्या सकाळी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.

या पत्रावर ‘तपासले’ असा शिक्का मीच मारला आहे. एकही शब्द काळा केलेला नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा ढब्बू