साडूचा गजर

३ फेब्रुवारी, रविवार
साडूने नवा मोबाइल घेतला. त्याबद्दल मला काहीही वाटलेलं नाही. सासरी सगळे त्याच्याभोवती जमले होते म्हणून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, इतकंच. गॅलरीत हवा चांगली होती.

निघताना त्याने आपला जुना ऑर्गनायझर, नंबर आणि गजर ठेवायचं ते छोटं यंत्र, माझ्या हातात ठेवला. म्हणाला, मला आता याचा उपयोग नाही, तुम्हाला होईल. काही अडलं तर फोन करा. सगळ्यांसमोर म्हणाला. ही म्हणाली, घ्या ना, किती छान आहे. सासूबाई म्हणाल्या, मोठ्या जावयांचं मनच मोठं. मी हसून घेतला. हसताना दात आवळलेले होते, पण कुणाच्या लक्षात आलं नसावं.

सकाळी उठल्याबरोबर कपाटात टाकणार.

४ फेब्रुवारी, सोमवार
टाकला नाही. रागाच्या भरात वस्तू वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय शांत डोक्याने विचार केला. साडू कधीच काही विसरत नाही. का? कारण हे यंत्र विसरत नाही. आता यंत्र माझ्याकडे आहे. म्हणजे यापुढे कोण विसरणार हे उघड आहे.

यंत्र चष्म्याच्या घरासारखं उघडतं. खाली कीबोर्ड, वर राखाडी पडदा. तिरकं धरलं तर अक्षरं दिसतात, सरळ धरलं तर माझा चेहरा. बटणं डाळीएवढी. माझं एक बोट तीन बटणांवर पडतं, म्हणून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टाइप करतो. त्याला मराठी येत नाही, म्हणून ही रोजनिशी वहीतच लिहावी लागते. हा कमीपणा यंत्राचा आहे.

५ फेब्रुवारी, मंगळवार
यंत्र ऑफिसात नेलं. आवक-जावकच्या टेबलावर, सहज नजरेस पडेल असं ठेवलं. टायपिस्टबाईंनी विचारलं, कॅल्क्युलेटर का? दुर्लक्ष केलं. साहेब शेजारून गेले. पाहिलं असणार.

संध्याकाळी सगळे फोन नंबर यंत्रात भरले. सासरचे भरावे लागले नाहीत, साडूने आधीच भरून ठेवले होते, स्वतःचा सगळ्यात वर. फोनची जुनी वही रद्दीत दिली. यापुढे डोक्यात एकही नंबर ठेवायचा नाही. डोकं मोठ्या कामांसाठी मोकळं. मोठी कामं कोणती, ते उद्या ठरवतो.

६ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी दाढी करताना यंत्र वाजायला लागलं. मी काही लावलं नव्हतं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत: आईंना फोन. साडूचा गजर! म्हणजे हा दर बुधवारी सासूबाईंना फोन करतो तो यंत्राने सांगितल्यावर. आणि त्या बिचाऱ्या वर्षानुवर्षं सांगतायत की मोठ्या जावयांना माझी आठवण येते.

पुसायला गेलो. यंत्र पासवर्ड मागतं. तो साडूला विचारायचा? जीव गेला तरी नाही. माझं काहीही अडलेलं नाही.

मग सुचलं ते असं. फोन मीच करायचा, साडूच्या आधी. केला. माझा आवाज ऐकून सासूबाईंनी घाबरून विचारलं, कुणाला काही झालंय का? सवय नाही त्यांना. होईल.

९ फेब्रुवारी, शनिवार
साडेतीनला पुन्हा वाजलं. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे. वा. म्हणजे सासऱ्यांच्या मनात घर केलं ते असं.

ताबडतोब गेलो. सासरे पेपर वाचत होते. डॉक्टरकडे चला म्हटल्यावर माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग कोट चढवला. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत. परत येताना सासऱ्यांनी हॉटेलात चहा मागवला, टोस्ट मागवले, नोकरीतल्या गोष्टी सांगितल्या. एवढे माझ्याशी ते लग्नातही बोलले नव्हते. साडू फिरकला नाही. सामना एकतर्फी होणार असं दिसतंय.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
ही बँकेच्या टेबल टेनिस स्पर्धेत फायनलला पोचली. सगळ्या शाखांमधून! मला आनंद झाला. तेवीस तारखेला, शनिवारी पाच वाजता, त्यांच्या मुख्य शाखेच्या हॉलमध्ये. म्हणाली, तुम्ही काही करू नका, टाळ्यासुद्धा नकोत. फक्त समोरच्या खुर्चीत बसा. तुम्ही दिसलात की माझा हात कापत नाही.

मी लगेच यंत्रात टाइप केलं. ही म्हणाली, लक्षात नाही का राहणार? मी म्हटलं, लक्षात ठेवायचा जमाना गेला.

१३ फेब्रुवारी, बुधवार
सासूबाईंना फोन. आज घाबरल्या नाहीत. पण म्हणाल्या, मोठे जावई काल येऊन पंखा साफ करून गेले. पंख्याचा गजर यंत्रात नाही. म्हणजे काही गोष्टी हा माणूस आपल्या डोक्याने करतो. पोटात जरा दुखलं. जेवण नीट पचलं नसावं.

१६ फेब्रुवारी, शनिवार
डोळ्यांचे डॉक्टर, दुसरी फेरी. तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, परत का आलात? मी म्हटलं, आमच्याकडे हयगय चालत नाही. सासरे म्हणाले, आधी हॉटेलातच जाऊ या का? मी म्हटलं, नाही, आधी कर्तव्य.

२० फेब्रुवारी, बुधवार
भयंकर बातमी. सासूबाई फोनवर म्हणाल्या, शनिवारी मोठे जावई गाडी घेऊन येणार आहेत, आम्हा दोघांना न्यायला. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारलं की कौतुक ऐकावं लागतं. आणि विचारायचं काय? शनिवार, गाडी, सासरे. डोळ्यांचे डॉक्टर! मी दोन शनिवार राबलो आणि आता हा आयत्या बिळावर नागोबा.

बेत पक्का केला. शनिवारी साडूच्या आधी पोचायचं, सासऱ्यांना न्यायचं, दाखवायचं, परत सोडायचं, तिथून हॉल. पाचाच्या ठोक्याला नाही तर पाच-दहा मिनिटांनी. ही पहिला गेम तशीही हरते. नंतर खुलते.

२३ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी
ही सकाळपासून बॅट पुसतेय. तीन वेळा विचारलं, येणार ना? मी यंत्र उघडून दाखवलं. वर साडूचा गजर, खाली हिची फायनल. हिने दोन्ही ओळी वाचल्या आणि पुन्हा बॅट पुसायला घेतली. यंत्रावर विश्वास बसला असावा.

तोच दिवस, रात्री
सासऱ्यांच्या घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, सगळे नटूनथटून गाडीतून गेले. साडूने डाव साधला होता. तसाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तिथे नव्हते. थोडा वेळ बसलो, वाटेत अडकले असतील म्हणून. नर्सबाई म्हणाल्या, आता तुमचे डोळे तपासायचे का?

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की लोक नटूनथटून डोळे दाखवायला जात नाहीत.

धावत हॉलवर गेलो. दोन माणसं टेबल घडी करत होती. पहिल्या रांगेत सासरे, सासूबाई, मेव्हणी आणि साडू. साडूच्या हातात हिचा कप. ही जिंकली. पहिला गेमसुद्धा जिंकली.

साडूच्या शेजारची एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर हिचा टॉवेल ठेवलेला.

ही एवढंच म्हणाली, "शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही मी तिथे."

मी म्हटलं, यंत्रात दोन गजर एकावर एक आले, त्यामुळे घोटाळा झाला. मी त्या खुर्चीत बसलो. टॉवेल ओला होता. फार वाईट वाटलं. इथे वहीत लिहायला हरकत नाही, फार म्हणजे फारच वाईट वाटलं.

२४ फेब्रुवारी, रविवार
सासरी जेवण, हिच्या कौतुकाचं. मी ठरवलं होतं की साडूला एकदा सुनवायचंच. कोपऱ्यात गाठून म्हटलं, तुमच्या त्या डोळ्यांच्या गजरामुळे माझी फायनल चुकली. तो गोंधळला. म्हणाला, डोळे? अहो, बाबांचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. तो गजर अजून आहे त्यात? पुसला का नाहीत?

मी म्हटलं, तुमचा पासवर्ड.

साडू म्हणाला, पासवर्ड? मी कधी ठेवलाच नव्हता. नुसतं एंटर दाबायचं.

सासरे पलीकडेच बसले होते. म्हणाले, तुम्ही एवढ्या हौसेने यायचात जावईबापू, मला नाही म्हणवेना. आणि चहा बरा असतो तिथला.

घरी येऊन एंटर दाबलं. उघडलं. साडूचं जे जे होतं ते सगळं पुसून टाकलं. एक अक्षर ठेवलं नाही. पडलो तरी नाक वर. आता यंत्र फक्त माझं.

२८ फेब्रुवारी, गुरुवार
जिंकल्यामुळे हिची आता पुढची फेरी आहे, मोठी. मी यंत्र आणि पेन्सिल घेऊन समोर बसलो आणि विचारलं, तारीख कोणती, वेळ कोणती? या वेळी सगळ्यात आधी मी पोचणार.

ही म्हणाली, यंत्राला मी सांगणार नाही. तारीख भाऊजींना सांगून ठेवली आहे. यायचं असेल तर त्यांना फोन करून विचारा.

मी म्हटलं, एवढंच ना? एक फोन. त्यात काय मोठंसं.

यंत्र उघडलं. साडूचा नंबर नाही. रविवारी सगळ्यात आधी तोच पुसला होता. जुनी वही रद्दीत. डोक्यात तर मी काही ठेवतच नाही.

नंबर हिच्याकडे आहे. ही आत बॅटला नवं रबर लावतेय. आधी हिच्याकडे मागायचा, मग साडूकडे तारीख मागायची. पाऊण तास इथेच बसून आहे.

उठतो. ही वही बरोबर नेतो, त्यात लिहून घेईन.